बसता येईना, पाट वाकडा

मी एक जुना पाट आहे. कडुलिंबाच्या फळीचा, चार बुटक्या पायांचा, आणि मित्रांनो, वाकडा. वाकडा हे मी आधीच सांगून टाकतो, कारण माझ्यावर बसणारा प्रत्येक जण ते मला सांगतोच. बसला की मी 'टक' करून एका बाजूला कलतो, आणि पाहुणा ताट सावरत म्हणतो, "हा पाट डुगडुगतोय वाटतं." डुगडुगतो, तर डुगडुगतो. सोलापुरात सरळ पाट घरोघरी मिळतील. पण आपल्या वाकडेपणाची हकीकत छाती काढून सांगावी, असा पाट आमच्या बाळीवेशीत तरी मी एकटाच आहे. पाटाला छाती नसते हे मला ठाऊक आहे. तुम्ही मुद्दा समजून घ्या.

मला घडवले कोंडीबा सुताराने. कोंडीबा मूळचा मोडनिंबचा, पण पोटापाण्यासाठी सोलापुरात आला आणि इथलाच झाला. हाताचा गुणी आणि तोंडाचा फटकळ. माझ्या फळीवर रंधा मारताना तो एका जागी थांबला. वरून फळी अगदी स्वच्छ दिसत होती, तरी रंधा तिथे अडखळत होता. "हितं आत गाठ हाय," तो शेजारी बसलेल्या बायकोला म्हणाला. "वर आसली की डोळ्याला दिसती, आत आसली की हाताला कळती." आणखी चार हात रंधा फिरला तशी चिंचोक्याएवढी काळी गाठ वर आली. ती माझ्या मधोमध अजून आहे. तिच्यामुळेच चार पाटांच्या चळतीतून मला अचूक ओळखता येते.

पाट पुरा झाला की कोंडीबा तो शहाबादी फरशीवर ठेवी आणि चारी कोपऱ्यांवर बोटाने टिचकी मारी. एकही कोपरा हलला तर त्या दिवशी तो जेवत नसे, असे त्याची बायको सांगायची. मी हललो नाही. तेव्हा कोंडीबाने माझ्या कोपऱ्यांवर पितळी फुले ठोकली आणि म्हणाला, "जमीन वाकडी आसंल, मानूस वाकडा आसंल, कोंडीबाचा पाट वाकडा नसतो." हे वाक्य तो प्रत्येक पाटाला ऐकवीत असे, पण मला ते माझ्यासाठीच आहे असे वाटले. लहानपणी असे वाटतेच.

माझ्यासारखे चार पाट मल्लप्पाने घेतले. मल्लप्पाचे ज्वारीचे आणि कडधान्याचे दुकान होते. त्याचे लग्न ठरले होते, आणि नव्या संसाराला पाट हवेत म्हणून ही खरेदी. लग्नानंतर घरी आल्यावर नवरी सुंदरम्मा पहिल्यांदा बसली ती माझ्यावर. त्यानंतरची आठ-दहा वर्षे माझी मोठ्या मानाची गेली. केळवण असो, डोहाळजेवण असो, पहिला पाट माझा. रुद्राणी जन्मली, तिचे बारसे झाले, पुढे ती बसायला शिकली तीही माझ्यावरच. दोन्ही हातांनी माझ्या कडा धरून ती बसायची आणि तोल गेला की मलाच चापट मारायची.

मित्रांनो, पाटाला माणूस तोंडावरून ओळखता येत नाही. त्याला फक्त बसणे कळते. मल्लप्पा बसला की चारी पायांवर सारखा भार येई आणि जेवण संपेपर्यंत हलत नसे. सुंदरम्मा टेकल्यासारखे करून उठे, कारण तव्यावर भाकरी असे. मल्लप्पाची थोरली बहीण चंद्रव्वा नवऱ्याच्या माघारी भावाकडेच राहत होती. घरात सगळे तिला कानडीतून 'अत्ती', म्हणजे आत्या, म्हणत. अत्ती बसली की मला कळे की आता कुणाची तरी खरडपट्टी निघणार. तिचा भार थोडा, पण जरब फार. आणि रुद्राणी बसली की मी आपोआप खूश होत असे, हे लपवण्यात अर्थ नाही.

रुद्राणी दहा वर्षांची झाली त्या साली, दिवाळीनंतर, तिचे बसणे बदलले. आधी ती मांडी घालून चौरस बसायची. आता ती सगळा भार माझ्या पुढच्या डाव्या कोपऱ्यावर टाकू लागली. उजवा गुडघा पुरता दुमडत नसे, म्हणून तो पाय ती थोडा पुढे सोडून द्यायची. भार एका कोपऱ्यात आल्यामुळे माझा उलट बाजूचा पाय उचलला जाई, ती सावरली की परत फरशीवर आपटे. टक. पुन्हा टक. जेवण होईपर्यंत हाच तबला.

अत्तीला ते मुळीच खपत नसे. आमच्या घरात ताटाकडे, देव्हाऱ्याकडे, वडीलधाऱ्यांकडे पाय पसरणे म्हणजे मोठा गुन्हा. "नेट्टग कुंद्रु," ती कानडीत दरडावी, म्हणजे नीट बैस. रुद्राणी म्हणायची, "अत्ती, दुखायलंय." अत्ती म्हणायची, "दिवसभर गल्लीत उंडारतीस तवा दुखत न्हाई. ताट वाढलं की दुखतं व्हय?" आणि ते वरवर पाहता खरेही होते. ती चालायची, पळायची, दुकानापर्यंत उड्या मारत जायची. गुडघ्याला सूज नव्हती, ओरखडा नव्हता, कुठे पडल्याचे कुणाला आठवत नव्हते. फक्त मांडी घातली की पाय आतून अडायचा. सागरगोट्यांत तिला गल्लीत कुणी हरवू शकत नव्हते, पण त्या खेळालाही खाली बसावे लागते. तिने तो खेळ सोडला. का सोडला, हे कुणी विचारले नाही.

आता मल्लप्पाचे ऐका. माणूस प्रेमळ, इतका प्रेमळ की लेकीत खोट असू शकते हे त्याच्या मनातच येईना. जेवताना टक-टक ऐकून त्याने निकाल दिला, "पाटच वाकडा झालाय." नाचता येईना अंगण वाकडे, ही म्हण तुम्ही ऐकली असेल. इथे नाचणारी काहीच बोलली नव्हती. अंगणाला नावे ठेवणारा तिचा बाप होता. एका दुपारी शेजाऱ्याची कानस मागून आणून त्याने मला उलटे पाडले आणि माझा पुढचा डावा पाय तळाकडून घासत राहिला. ज्वारी पाखडणाऱ्या हाताने सुतारकाम करू नये, एवढेच मी म्हणेन. पाय बोटभर आखूड झाला.

त्या दिवसापासून मी रुद्राणीच्या खाली गप्प झालो. तिचा भार ज्या कोपऱ्यात पडे, तिकडेच मी आधी कललेला असे, त्यामुळे आपटायला काही उरलेच नाही. मल्लप्पाला केवढा आनंद झाला. "बघ, पाटाचाच दोष होता," तो सुंदरम्माला म्हणाला. सगळ्यांनी मान डोलावली. रुद्राणीचा पाय तेवढा पुढेच राहिला.

मला त्या गप्प बसण्याची आजही लाज वाटते. पोरीचे दुखणे टक-टक करून सांगणारा घरात मी एकटा होतो, आणि माझाच पाय कापून माझे तोंड बंद झाले. वर्ष गेले. गुडघा आधी फक्त मांडी घालताना अडायचा, तो आता चालतानाही अडू लागला. जिन्यावरून उतरताना ती भिंतीला हात लावू लागली. पण पाट हलत नाही म्हणजे सगळे ठीक आहे, असे घराने धरून ठेवले होते.

दुसऱ्या वर्षी मल्लप्पाने ठरवले की संक्रांतीला भरणारी गड्ड्याची जत्रा आटोपली की रुद्राणीची लिंगदीक्षा करायची. आमच्या लिंगायत घरात ती मुलामुलींची सगळ्यांची होते. गुरूंसमोर मांडी घालून, डाव्या तळहातावर लिंग घेऊन पूजेला बसायचे असते. आता पाय पुढे सोडून कसे चालेल? अत्तीने रोज तालीम सुरू केली. चटईवर बसवून ती रुद्राणीचा गुडघा हाताने दाबायची. पोर दात आवळून सोसायची आणि मग एकदम पाय सोडवून घ्यायची.

"हिला माज आलाय," अत्ती म्हणाली. "सोमवारी बसप्पा वस्तादाला बोलावते. तो एका दाबात सरळ करील."

बसप्पा वस्ताद तालमीतला. निखळलेला खांदा बसवावा, मुरगळलेला पाय ओढावा, यात त्याचा हातखंडा होता, आणि पैलवानांना त्याचा गुण येई. पण त्याची रीत एकच. दुखरा सांधा मांडीखाली घ्यायचा आणि 'कट' आवाज येईपर्यंत दाबायचा. रुद्राणीने त्याला गल्लीतल्या एका मुलाचा कोपर बसवताना पाहिले होते. सोमवार ऐकल्यापासून तिचे जेवण तुटले. ती माझ्यावर बसायची, भाकरीचे तुकडे करायची आणि तशीच उठायची. बापाला सांगायची हिंमत नव्हती, कारण बापानेही होकार दिला होता. सोमवारच्या आत काही घडले नाही तर आपला गुडघा मोडणार, एवढे तिला पक्के कळले होते.

आणि मग शनिवारी टेंभुर्णीचा अडत्या हिंदुराव जेवायला आला.

हिंदुराव म्हणजे चांगला दणकट गडी, नेसलेले धोतर पांढरे शुभ्र. घाईत सुंदरम्माने त्याला नेमका मी मांडला. तो बसला, मी माझ्या धर्माप्रमाणे कललो, आणि शेंगांच्या आमटीची वाटी त्याच्या मांडीवर रिकामी झाली. बिचाऱ्याने राग गिळला. पण जाता जाता म्हणालाच, "कोंडीबाचा पाट म्हनं. मल्लप्पा, तुमच्या सुतारानं तुमाला फशिवलं की." आणि एवढ्यावर न थांबता बाजारात कोंडीबा भेटला तेव्हा त्यालाही ऐकवले.

रविवारी सकाळी कोंडीबा दारात हजर. पाणी पुढे केले तर घेतले नाही. "आदी पाट दावा," म्हणाला. मला फरशीवर ठेवून त्याने चारी कोपऱ्यांवर टिचकी मारली. इतक्या वर्षांनी तेच बोट. मी हललो, आणि मला मेल्याहून मेल्यासारखे झाले. त्याने मला उलटे केले आणि घासलेल्या पायावरून अंगठा फिरवला.

"ह्यो पाय मी आसा केला न्हवता. कानस कुनी मारली?"

मल्लप्पाने डोके खाजवले. "मीच मारली, कोंडीबा. रुद्रीखाली हलायलता."

"तिच्याखालीच?"

"तिच्याखालीच. आमच्याखाली नव्हता हलत."

कोंडीबाने मला हळूच खाली ठेवले. "मालक, पाट तिघांखाली गप आन एकीखाली हलतो, तवा पाटाला कानस लावत्यात व्हय?"

मग त्याने रुद्राणीला हाक मारली आणि माझ्यावर बसवले. मी गप्प. तिला उठवून दुसऱ्या, सरळ पाटावर बसवले. तो भाऊ लगेच बोलला, टक. कोंडीबाने हे तीनदा केले. तिन्ही वेळा तेच. मग तो तिच्यासमोर उकिडवा बसला आणि त्याने असा एक प्रश्न विचारला, जो त्या घरात वर्षभरात कुणीही विचारला नव्हता. सगळ्यांनी 'का नीट बसत नाहीस' हे शंभर वेळा विचारले होते.

"पोरी, कुटं दुकतंय?"

रुद्राणीने गुडघ्याच्या पुढे बोट लावले, काढले. बाजूला लावले, काढले. मागे खळगीत लावले आणि तेही काढले. "वर न्हाई. आत," ती म्हणाली. "बोट लावाय गेले की सापडत न्हाई."

कोंडीबाने कमरेची दोरी काढली. तिला पालथी झोपवून आधी डावा पाय मागे दुमडला. टाच सहज ढुंगणाला टेकली. मग उजवा, सावकाश. टाच वीतभर अलीकडेच थांबली. तेवढे अंतर त्याने दोरीत धरून गाठ मारली आणि दोरी मल्लप्पाच्या हातात दिली.

"आत कायतरी आडतंय," कोंडीबा म्हणाला. "फळीत आसं व्हतं. वरनं गुळगुळीत, आन आत गाठ. दाबून सरळ कराय गेलं तर फळी तडकती."

अत्ती दारातच उभी होती. "लाकडाचं आन माणसाचं एक असतं काय रे?"

"न्हाय आक्का. पन पोरगी खोटं बोलत न्हाय, येवढं ही दोरी सांगती. वस्तादाला हात लावू देऊ नगा. मोट्या दवाखान्यातली बाकडी माजीच हायत. डाक्टरसाहेब मला वळकत्यात."

त्याच दिवशी टांगा आला. मल्लप्पा, सुंदरम्मा, रुद्राणी आणि कोंडीबा, आणि कोंडीबाच्या मांडीवर मी. दवाखान्यात चाललेला पाट पाहून रस्त्यावरचे लोक हसत होते. हसू द्या. साक्षीदार म्हणून चाललो होतो मी.

डॉक्टर मुंबईला शिकून आलेले, बोलायला मोकळे. "कोंडीबा, माझ्याकडे लोक माणसं आणतात. तू पाट आणलास?"

"दोगंबी आणल्यात साहेब. तुमी आदी पाटावर बसा."

पाटलोण सावरत डॉक्टर बसले. टक. मग रुद्राणी बसली. मी गप्प. डॉक्टरांचे हसू मावळले. त्यांनी तिला टेबलावर झोपवून दोन्ही गुडघे बराच वेळ तपासले, दोरीवरची गाठही पाहिली. दुसऱ्या दिवशी गुडघ्याचा फोटो काढला. त्यात हाडे स्वच्छ होती.

"हाडाचा क्षय असता तर ताप आला असता, गुडघा सुजला असता," ते मल्लप्पाला म्हणाले. "तसं काही नाही. आतली कूर्चा, म्हणजे हाडांमधली मऊ गादी, फाटली असेल, किंवा आत काहीतरी वाढलं असेल. मनगटावर टणक फुगवटी येते, ती तुम्ही पाहिली असेल. तशी गाठ मोठ्या माणसाच्या गुडघ्यात सापडल्याचं मी एकदा वाचलंय. लहान मुलाच्या गुडघ्यात पाहिलेली नाही. उघडल्याशिवाय सांगता येणार नाही."

"आन उघडून नीट न्हाई झालं तर?"

"क्वचित गुडघा ताठ राहतो. ते मी लपवत नाही. पण बरा होईल असं मला वाटतं."

दाण्यांच्या व्यवहारात मल्लप्पा कधी अडला नव्हता, पण हा निर्णय त्याला पेलेना. एक पाय जन्मभर ताठ राहिला तर पोरीचे काय होणार, हे त्याला समोर दिसत होते. तो लेकीजवळ बसला आणि पहिल्यांदाच त्याने तिला विचारले, "काय करू, बाई?"

"कापू द्या, अप्पा," रुद्राणी म्हणाली. "यांनी मला कुठं दुखतं ते विचारलंय. दाबलं न्हाई."

बुधवारी तिला आत नेले. सुंदरम्माला बाकावर बसवेना, म्हणून ती दालनाबाहेर माझ्यावर बसली. सकाळपासून तिने पाण्याचा थेंब घेतला नव्हता. त्या दिवशी ती नेहमीसारखी टेकली नाही. तिने सगळा भार माझ्यावर टाकला. श्वास घेतला की मी हलायचो, टक, आणि ती दचकून दाराकडे बघायची. एवढा जड भार मी आयुष्यात पेललेला नाही, आणि ती तर घरातली सगळ्यांत हलकी. त्या वेळी मी माझ्या चारी पायांना बजावले की आज हलायचे नाही. तिघांनी ऐकले. चौथ्याचा इलाज नव्हता.

दार उघडून डॉक्टर आले तेव्हा त्यांच्या हातात काचेची लहान बाटली होती. आत टपोऱ्या बोराएवढी निळसर पांढरी गाठ. "मधल्या दोरखंडासारख्या बंधाला चिकटून बसली होती," ते म्हणाले. "अशा दोन होत्या. एक काढताना फुटली, तिच्यात डिंकासारखं घट्ट पाणी. ही तिच्या शेजारची अख्खी निघाली. मुळासकट काढल्या आहेत. हे वाईट दुखणं नाही. दृष्ट नाही, शाप नाही, कुणाची चूकही नाही. गुडघा दुमडला की या मध्ये सापडायच्या, एवढंच." मग कोंडीबाकडे वळून म्हणाले, "तुझं बरोबर निघालं."

"गाठच की," कोंडीबा म्हणाला, आणि त्याने डोळे पुसले. फटकळ माणसाला रडताना पाहण्याची ती माझी एकच वेळ.

सोमवारी बसप्पा वस्ताद घरी येऊन रिकामा गेला होता. सगळे कळल्यावर तो दवाखान्यात आला आणि त्याने डॉक्टरांना सरळ विचारले, "मी दाबलं आसतं तर?" डॉक्टर म्हणाले, "गाठ फुटली असती आणि पुन्हा भरली असती. किंवा बंध तुटला असता, मग पोर नीट चाललीही नसती." वस्ताद मोठ्या मनाचा. तेव्हापासून सूज नसताना अडलेला सांधा तो हातात घेत नाही, आधी डॉक्टरांकडे धाडतो.

पुढचे महिने सोपे नव्हते, मित्रांनो. तीन आठवडे पाय फळीला बांधलेला. मग टाके निघाले आणि रोज थोडे थोडे वाकवणे सुरू झाले. त्याचे तिला भय वाटे. मल्लप्पा दुकानातून आला की दोरी घेऊन बसायचा. पहिल्या आठवड्यात टाच वीतभर लांब होती, मग सहा बोटे, मग चार, मग पंधरा दिवस चारच. मग एका संध्याकाळी तीन.

जत्रा आली आणि गेली. दीक्षा श्रावणावर ढकलली. उन्हाळ्यात एका दुपारी सुंदरम्माने पाने वाढली आणि सवयीने रुद्राणीपुढे मला मांडले. ती बसली. डावा पाय दुमडला, उजवा दुमडला, टाच आत गेली. भार चारी कोपऱ्यांवर सारखा आला. आणि मी तिच्याखाली हललो, टक.

"अप्पा," ती म्हणाली, "पाट हलायलाय."

मल्लप्पाच्या हातातला तांब्या तसाच राहिला. सुंदरम्मा चुलीपुढून उठून आली, लेकीचे दोन्ही गुडघे तिने हातांनी चाचपले आणि तिथेच खाली बसून रडली. अत्ती कोपऱ्यातून हे पाहत होती. ती उठली, ताट बाजूला सारले आणि अकरा-बारा वर्षांच्या पोरीसमोर जमिनीवर बसली. "वरीसभर तू खरं सांगत व्हतीस," ती म्हणाली, "आन मी तुला माजोरी म्हटलं. चुकलं माझं, बाळा." वडीलधाऱ्या माणसाने मुलाजवळ अशी चूक कबूल केलेली त्या गल्लीत कुणी ऐकली नव्हती. रुद्राणीने आपल्या पानातली भाकरी मोडून अर्धी अत्तीच्या हातात दिली.

कोंडीबाला मात्र चैन पडेना. आपल्या हातचा पाट वाकडा राहिलेला त्याला बघवत नव्हता. आठवड्याने तो पटाशी, गोंद आणि लाकडाची चकती घेऊन आला. मल्लप्पाने त्याला चहा पाजला आणि परत पाठवले. "राहू दे तसाच," तो म्हणाला. "जेवताना तो हलल्याचा आवाज आला की मला घास उतरतो." आणि खरोखर, रुद्राणी बसली की मल्लप्पा एक क्षण थांबायचा. टक ऐकले की मगच पहिला घास घ्यायचा.

आता घरात टेबल-खुर्ची आली आहे. माझी दोन पितळी फुले निघाली. मी फडताळावर असतो, वर्षातून चार वेळा खाली येतो. रुद्राणी यंदा सातवीच्या फायनल परीक्षेला बसणार आहे, आणि बसण्यात ती आता कुणाला हार जात नाही. मला कुणी विसरले म्हणून मी कुढत नाही. धूळ पुसा, पाणी लागू देऊ नका, एवढीच पाटाची काळजी असते, ती तुम्ही घ्याल.

पण एक मागणे आहे, मित्रांनो. तुमच्या घरात एखादे पोर वाकडे बसले, खेळातून उठून गेले, पाय पुढे सोडू लागले, तर त्याला नीट बस म्हणण्याआधी त्याच्यासमोर खाली बसा आणि विचारा, कुठे दुखतेय. आणि त्याने 'आत' म्हटले, तर बोटाला काही लागत नाही म्हणून त्याला खोटे ठरवू नका. त्याला दाबू नका, डॉक्टरांकडे न्या. मल्लप्पाने कानस उचलली त्या दुपारी एवढे कुणी विचारले असते, तर रुद्राणीचे एक अख्खे वर्ष वाचले असते.